आत्याच्या रिपोर्टातील प्रथिन

शनिवारी आत्याचा रक्ताचा रिपोर्ट आणायला लॅबमध्ये गेलो. पाच मिनिटांच्या या कामाला दीड तास लागला, त्याला कारणीभूत ठरली रिपोर्टातील एक ओळ : 'ह्युमन एपिडिडिमिस प्रोटीन ४'.

शेजारच्या खुर्चीवरील काकांना दुसऱ्याचे कागद वाचण्याचा चांगलाच सराव असावा. कारण मी खिशातून चष्मा काढेपर्यंत त्यांनी ती ओळ वाचून, मोबाइलवर शब्दाचा अर्थही शोधला होता. "अहो, हा तर पुरुषांचा अवयव! बाईंच्या रिपोर्टात कसा आला?" हा प्रश्न त्यांनी मला नव्हे, तर रक्त द्यायला उपाशीपोटी बसलेल्या समस्त मंडळींना विचारला.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे गप्प बसणे मला जमले नाही. वृषणातून बाहेर पडणाऱ्या शुक्रजंतूला शेपूट असते, पण धड पोहता येत नाही. आमच्याकडून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांसारखीच ही अवस्था. त्याचे पुढचे शिक्षण अधिवृषणात, म्हणजेच एपिडिडिमिसमध्ये होते आणि ही सुमारे ६ मीटर लांबीची एकच नळी असते, असे मी सांगितले.

"६ मीटर?" काकांनी भिंतीपासून वॉटर कूलरपर्यंतचे अंतर नजरेने मोजले. "माझीसुद्धा?"

"गुंडाळलेली असते, काका."

ते सावरून बसले. शुक्रजंतूचा डीएनए इतका घट्ट आवळलेला असतो की गरजेची नवी प्रथिने त्याला स्वतः घडवता येत नाहीत; म्हणून नळीच्या अस्तरातील पेशी ती स्रवतात, काही त्याच्या अंगाला चिकटतात, तर काही सूक्ष्म पुड्यांतून पोहोचवली जातात, हेही मी समजावले.

"म्हणजे मुंजीतली भिक्षावळ!" काका म्हणाले. "बटू झोळी घेऊन पुढे सरकतो आणि मावश्या-काकवा लाडू टाकतात."

इतकी चपखल उपमा मला वीस वर्षांत सुचली नव्हती, याचा राग अजून गेलेला नाही.

आत्याच्या रिपोर्टातील प्रथिन १९९१ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी मानवी अधिवृषणातून नोंदवले, म्हणून त्याला हे नाव मिळाले. पुढे ते श्वासमार्गात आणि लाळग्रंथींतही सापडले. अंडाशयाच्या अनेक कर्करोगांत त्याचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून ते बायकांच्या रक्तात मोजू लागले. नाव मात्र बारशाच्या वेळी ठेवले तेच राहिले आणि त्याचा मनस्ताप भाच्याच्या वाट्याला आला.

कारण आमचा वाद ऐकून काउंटरवरचा मुलगा कागद घेऊन गेला होता. "सर, एंट्रीच चुकली होती, दुरुस्त केली," असे म्हणत त्याने नवा रिपोर्ट दिला, त्यात आत्याच्या नावाआधी 'श्री.' आणि लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' असे छापलेले होते. रजोनिवृत्तीची नोंद गळाली होती आणि तिच्या आधारे सीए-१२५ या रक्तातील दुसऱ्या प्रथिनाच्या आकड्यासोबत काढायचा, कर्करोगाच्या धोक्याचा निर्देशांकही नाहीसा झाला होता. पूर्ववत करा म्हटल्यावर त्याने आत्याच्या आधार कार्डाची प्रत मागितली आणि मॅडम सोमवारी येतील, असे सांगितले. ज्या बाईला या कागदाच्या काळजीने तीन रात्री झोप नाही, तिने आधी आपण बाई असल्याचा पुरावा द्यायचा! काका तेवढ्यात रक्त द्यायला आत निघून गेले होते.

घरी आत्याने चष्मा लावून 'श्री.'वर क्षणभर बोट ठेवले, पण त्याविषयी काहीच न बोलता विचारले, "आकडा मर्यादेत आहे ना रे?"

मर्यादेचा रकाना कोरा होता.