गाडीची किंमत नव्हे, झाकणावरचा आकडा वाचा

नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो: ‘मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीत साधं पेट्रोल टाकलं की इंजिन बसतं आणि वॉरंटी जाते. प्रिमियम टाका. ताकद वाढेल, मायलेज वाढेल, इंजिन आतून साफ राहील आणि इथेनॉलपासूनही सुटका.’ यात थोडं खरं आहे, पण ते चुकीच्या जागी चिकटवलेलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी ‘महागडी गाडी म्हणून प्रिमियम’. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली, ठिणगीची आग पोहोचायच्या आधीच आपोआप पेट न घेण्याची ती क्षमता. ती किती हवी हे कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं), टर्बोचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब आणि ट्यूनिंग यांवर ठरतं, शोरूमच्या बिलावर नाही. पेट्रोल भरायचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर किंवा मॅन्युअलमध्ये रॉन (ऑक्टेन मोजण्याचं माप) ९१, ९५ किंवा ९८ असा आकडा दिलेला असतो. तिथे ‘किमान’ आणि ‘शिफारस’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते नीट वाचा. किमान ९१ आणि शिफारस ९५ असेल, तर ९१ वर गाडी सुरक्षित चालते, फक्त पूर्ण जोर देत नाही. किमानच ९५ असेल तर ९१ टाकू नका. काही परफॉर्मन्स मॉडेलांत ९८ मागितलेलं असतं. तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. वॉरंटीचा प्रश्नही ‘किमान’शीच बांधलेला आहे.

सगळ्यात जास्त घोळ अमेरिकन व्हिडिओंनी घातलाय. तिकडच्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने, दोन चाचण्यांची सरासरी काढून येतो. तिकडचं ९१ प्रिमियम आपल्या मोजणीत साधारण ९५-९६ रॉन भरतं आणि तिकडचं साधं ८७ आपल्या ९१ च्या आसपास. त्यामुळे व्हिडिओ पाहून ‘९१ चालतं’ असा निष्कर्ष काढला तर तो एक पूर्ण ग्रेड खाली जातो.

आता ‘साधं पेट्रोल म्हणजे हलक्या दर्जाचं’ हा समज. साधं पेट्रोल पूर्वी ८८ रॉनचं होतं, पुढे ते ९१ वर आलं. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ रॉनपर्यंत जातं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे फक्त ऑक्टेनसाठी ९५ चं प्रिमियम घेण्याचं कारण बरंच कमी झालं. १०० ऑक्टेनची गोष्ट वेगळी.

‘इंजिन बसतं’ या भीतीमागे नॉकिंग आहे, म्हणजे पेट्रोल असं आपोआप पेटल्याने इंजिनात होणारी टकटक. आधुनिक इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. नॉक लागला की ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ठिणगी काही अंश उशिरा देतो, ताकद थोडी कमी होते, इंजिन वाचतं. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, आत येणारी हवाच तापलेली असते. तेव्हा ही माघार जास्त वेळा घ्यावी लागते. समृद्धीवर एकसारख्या वेगात फारसा त्रास होत नाही. खरा ताण पडतो तो वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना: एसी चालू, चार माणसं, आरपीएम १५०० आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत. अशा वेळी गिअर खाली घ्या. शंका असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटात इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बघा. त्याच चढावर, तशाच उन्हात दोन्ही पेट्रोलवर आकडा सारखाच येत असेल, तर वरचे पैसे वाया.

मायलेजचा हिशोब सोपा आहे. समजा साधं १०४ रुपये आणि प्रिमियम ११२. लिटरला दहा किलोमीटरचा अॅव्हरेज १०.७७ झाला तरच बरोबरी. नॉक नसलेल्या इंजिनात जास्त ऑक्टेनने इतकी वाढ होत नाही. स्वतः मोजायचं तर एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद पडेपर्यंत भरा, निदान तीन टाक्या चालवा आणि किलोमीटरला लिटरने भागा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका.

‘आतून साफ’ हे अर्धं खरं. प्रिमियममधले डिटर्जंट इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी नळी) स्वच्छ ठेवायला मदत करतात. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हला (हवा आत सोडणाऱ्या झडपेला) ते लागतच नाही. तिथला कार्बन कुठल्याही पेट्रोलने निघत नाही, तो उघडून साफ करावा लागतो.

आणि इथेनॉल? प्रिमियम लिहिलंय म्हणून ते नाही असं समजू नका. इंडियन ऑइल एक्सपी१०० इथेनॉलशिवाय विकतं, पण प्रत्येक महाग नोझलला ते लागू नाही. पंपावर विचारून घ्या. झाकणावर ‘ई१०’ (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं) लिहिलेल्या जुन्या गाडीसाठी हा प्रश्न ऑक्टेनपेक्षा मोठा आहे. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर आणखीच, कारण इथेनॉल ओलावा ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात.

डिझेल गाडीला यातलं काहीच लागू नाही. तिथे ऑक्टेन नव्हे, सीटेन (डिझेल किती पटकन पेट घेतं याचं माप) बघतात.

किमान ९५ च्या गाडीत चुकून खरोखर ९१ चंच पेट्रोल गेलं, तर टाकी उपसायची घाई नको. अॅक्सिलरेटर हलका ठेवा आणि जागा असेल तितकं १०० भरा. अर्धं ९१, अर्धं १०० म्हणजे साधारण ९५. त्यानंतरही जोर लावल्यावर टकटक ऐकू आली किंवा चेक इंजिनचा दिवा लागला, तर गाडी थांबवून वर्कशॉपला फोन करा.