दहापैकी सात म्हणजे नेमकं काय हो?

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांतल्या गेम बनवण्याच्या स्पर्धांचा मार्कांचा कागद बघा: ‘क्रिएटिव्हिटी १०, प्रेझेंटेशन १०’. झालं! ७ कशाला आणि ४ कशाला, कुठेच लिहिलेलं नाही. परीक्षक प्रोजेक्टरवर दोन मिनिटं मेनू बघणार, दुसरी लेव्हल उघडणारच नाहीत. मग विकतचं चकचकीत असेट पॅक (तयार चित्रं-आवाजांचा संच) लावणाराच जिंकणार. आयतं भरीत आणायचं, वर कोथिंबीर पेरायची, की पहिला नंबर!

लुडम डेअर या गेम बनवायच्या ऑनलाइन स्पर्धेत ४८ तासांचा ‘कॉम्पो’ हा गट एकट्याने करायचा, टीमसाठी ७२ तासांचा जॅम वेगळा. जॅममध्ये ग्राफिक्स स्वतःचे नसतील तर ग्राफिक्सच्या मार्कांतून बाहेर राहायचं. आपल्याकडे चौघांची टीम आणि एकटं पोरगं एकाच रांगेत.

गेमप्ले, कंट्रोल, थीम, चित्रं, आवाज यांना वेगळे मार्क द्या. प्रत्येक गेम तिघांनी, दहा-दहा मिनिटं, स्वतः खेळून बघा. एवढंच तर आहे!

आणि लॅबच्या पीसीवर गेम उघडला नाही की थेट शून्य. बहुतेकदा युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेल्या गेमची नुसती एक्सई, म्हणजे सुरू करायची फाइल, पेनड्राइव्हवर आलेली असते, तिला लागणारा डेटा फोल्डर घरीच. अरे, आदल्या दिवशी त्याच पीसीवर बिल्ड (तयार गेम) चालवून बघू द्या ना!