काका, अंग सैल सोडा

चरबीची घनता घनसेंटिमीटरला सुमारे 0.9 ग्रॅम, स्नायूंची 1.06. पाणी या दोघांच्या मध्ये, 1 वर. हे वाचलं आणि इतकी वर्षं सांभाळलेल्या पोटाचं सार्थक झालं. पंचेचाळिशीत पोहायला शिकायला निघालो तो या आकड्यांच्या जिवावर. शिकवणारा पोरगा म्हणजे नुसते स्नायू. हिशोबाने बुडायचं त्याने, तरंगायचं मी.

प्रत्यक्षात तो गादीवर पडावं तसा पाण्यावर पडला होता आणि मी कमरेइतक्या पाण्यात गटांगळ्या खात होतो.

"काका, अंग सैल सोडा."

सोडलं. आधी पाय गेले. बरोबरच आहे, हवा छातीत असते, पायांत नसते. पायांमागोमाग उरलेला मीही गेलो.

"श्वास भरून धरून ठेवा ना!"

इथे सगळं गणित आहे. माझं वजन 80 किलो, म्हणजे 80 लिटर पाणी बाजूला सारलं की पाणी मला तोलून धरणार. छाती भरली की मी होतो साधारण 82 लिटरचा. वरचे दोन लिटर पाण्याबाहेर. दोन लिटरात काय मावतं? तोंड. खांदे नाहीत, मान नाही, नुसतं तोंड आणि नाक. आपल्या आयुष्याची शिल्लक इतकीच आहे हे कळल्यावर अंग सैल कोण सोडेल?

मी हात वर करून ओरडलो. पाण्याबाहेर काढलेला हात पाणी सारत नाही, त्याचा चारेक किलो भार उरलेल्या अंगावर पडतो. ओरडताना हवाही गेली. म्हणजे बुडणारा माणूस मदतीसाठी जे जे करतो, ते सगळं बुडण्याच्या कामी येतं. (आर्किमिडीजला हे टबात सुचलं म्हणतात. टबात बुड टेकतं, हे कुणी सांगत नाही.)

आठव्या दिवशी जमलं. हात पाण्याखाली डोक्यामागे ताणले, पाय थोडे वर आले, छाती भरलेली, कान पाण्यात, सगळीकडे शांत. काठावरून पोरगा हसत काहीतरी सांगत होता. ओठ हलताना दिसले, ऐकू काही येईना.

"काय?" म्हणून मी हात वर केला.