फंगस मॉथला कसर म्हणून मारू नका

एका छोट्याशा करड्या पतंगाचा फोटो सगळीकडे फिरतोय. खाली लिहिलंय, "हा फंगस मॉथ, म्हणजे कसरच, टिनिइडी कुळातला, लोकरीचे कपडे खातो, सगळे मूळचे न्यूझीलंडचे आणि दारूच्या पिंपांबरोबर युरोपभर पसरले, दिसला की मारा." इतक्या लोकांनी शेअर केलंय की उत्तर देणं भाग आहे, आणि मी फंगस मॉथ, म्हणजे बुरशीवर वाढणाऱ्या पतंगांमधल्या ड्रायाडौला या छोट्या गटाबद्दलच बोलणार आहे कारण ती दारूच्या पिंपांची गोष्ट त्यांच्यावरूनच आलीये.

कपड्यांचं आधी. कपडे पतंग खातच नाही, अळी खाते, आणि तीसुद्धा कसरीची. लोकर, केस, पिसं यातलं केराटिन नावाचं प्रथिन पचवणं फार थोड्या जातींना जमतं. ड्रायाडौलाच्या अळ्या बुरशीवर नाहीतर कुजक्या पालापाचोळ्यावर वाढतात, तुमच्या स्वेटरशी त्यांचा काही संबंध नाही.

"टिनिइडी कुळातला", म्हणजे कसरीच्याच कुळातला, हे पूर्वी बरोबर होतं, म्हणजे तेव्हा हा गट त्या कुळातलं एक उपकुळ मानायचे. पण 2015 मध्ये रेजियर आणि सहकारी संशोधकांनी डीएनएवरून या सगळ्या जुन्या शाखा तपासल्या आणि ड्रायाडौलाच्या गटाचं ड्रायाडौलिडी हे वेगळं कूळच केलं. जुन्या पुस्तकात टिनिइडी दिसेल, त्यात त्या पुस्तकांचा काही दोष नाही.

आता न्यूझीलंड. यात थोडं तथ्य आहे. ड्रायाडौला पॅक्टोलिया ही जात मेरिक या कीटकतज्ज्ञाने न्यूझीलंडमधून नोंदवली आणि नंतर ती युरोपात वाइनच्या तळघरांत सापडली, तिथल्या भिंतींवर अल्कोहोलच्या वाफेवर जी काळी मखमली बुरशी वाढते ना, तीच तिचं खाणं. ही माणसाच्या सामानाबरोबर गेली असणार, हे मलाही पटतं. पण एका जातीवरून "सगळे"? याच गटातल्या बाकीच्या जाती बघा. व्हिसालिएला उत्तर अमेरिकेतली, 1873 सालीच नोंदलेली. कॉकेसिका कॉकेशसमधून नोंदली गेली. टर्प्सिकोरेला 1910 मध्ये हवाईतून, आणि ही तर बघण्यासारखी आहे, पानावर बसली की सरळ बसतच नाही, गोल गोल गिरक्या घेत राहते!

राहिलं "दिसला की मारा". पंख पसरून जेमतेम सेंटीमीटरभर भरणारा जीव, आणि यातल्या बऱ्याच जाती नक्की ओळखायच्या तर नराची जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघावी लागतात, त्यांची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते, तीच या गटाची मोठी खूण आहे. मग त्या धूसर फोटोवरून हा फंगस मॉथ की कसर हे पोस्ट टाकणाऱ्याने ठरवलं कसं? कपड्याला खरंच भोकं पडली असतील तर घडीत अळी शोधा, पतंगाच्या मागे धावून काही होणार नाही.