थर्ड पार्टीची सक्ती रास्तच आहे, भांडायचं तर बाकीच्या गोष्टींवर भांडा

"गाडी माझी, पैसा माझा, फुटली तर माझी फुटेल. मग इन्शुरन्सची सक्ती काहून?" सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत कोणत्याही पानठेल्यावर चालानचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. ऐकायला रास्त वाटतो, पण त्याची सुरुवातच चुकलेली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने जो विमा सक्तीचा केला, तो तुमच्या गाडीचा नाहीच. तुमच्या गाडीखाली येणाऱ्या माणसाचा, म्हणजे थर्ड पार्टीचा आहे. तुमची गाडी चोरीला जावो, जळो, नाहीतर नाग नदीत वाहून जावो, कायद्याला त्याचं काही देणंघेणं नाही. स्वतःच्या गाडीचा विमा, ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो, घ्यायचा की नाही ही सर्वस्वी तुमची मर्जी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या वाहतूक कायद्यात थर्ड पार्टीच्या सक्तीइतकी न्याय्य तरतूद दुसरी नाही. अन्याय आहे आणि भरपूर आहे, पण तो दंडाच्या रकमेत आहे, प्रीमियमच्या हिशोबात आहे आणि विमा कोणाकोणाला लागू होत नाही यात आहे. त्यावर मात्र कोणी बोलत नाही.

आधी आकडे बघू. रिंग रोडवर एका स्कूटरच्या धडकेत ३२ वर्षांचा टाइल्स बसवणारा कारागीर गेला असं समजा. कमाई महिना १८,०००, मागे बायको आणि दोन लेकरं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई अंदाजपंचे ठरवत नाही. सुप्रीम कोर्टाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत त्याचं गणित बांधून दिलं आहे. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे: २५,२००. अवलंबून असलेली माणसं तीन, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा: १६,८००. वर्षाचे २,०१,६००. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६. झाले ३२,२५,६००. त्यात अंत्यविधी, वारसांसाठी मागे राहिली असती त्या मिळकतीचं नुकसान आणि बायको-लेकरांच्या सहवासाचं नुकसान या ठरावीक रकमा घातल्या की आकडा ३४ लाखांच्या घरात जातो. वर व्याज वेगळं.

आता स्कूटरवाल्याची बाजू. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी दर, जून २०२२ पासून लागू झालेल्या अधिसूचनेप्रमाणे, वर्षाला ७१४ रुपये. १८ टक्के जीएसटी धरून ८४३. एवढ्यात कंपनी मृत्यू आणि शारीरिक इजेची जी जबाबदारी घेते, तिला वरची मर्यादाच नाही. मर्यादा आहे ती फक्त समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, दुचाकीसाठी एक लाख आणि कारसाठी साडेसात लाख. विमा नसेल तर ते ३४ लाख मालकाकडून वसूल होणार. गाडी भाचा चालवत होता की शेजारी, याने मालक सुटत नाही. मालकाने दिले नाहीत तर न्यायाधिकरण कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देऊ शकतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेत असो, प्लॉट असो, सगळं त्यात येतं. "माझी गाडी, माझा पैसा" म्हणणाऱ्याने एवढं एकदा कागदावर मांडून बघावं.

आणि मालकाकडे काहीच नसलं तर? तर त्या कारागिराच्या बायकोच्या हातात निकालाचा कागद राहतो. इथे कायद्याचा एक विचित्र कोपरा आहे. गाडी पळून गेली आणि नंबर मिळाला नाही, तर हिट अँड रन योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. गाडी सापडली, मालक सापडला, पण विमा नाही आणि मालक कफल्लक, तर ते दोन लाखही नाहीत. विमा नसलेली गाडी अपघातात जप्त झाली तर पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडायची नाही, नाहीतर लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरायचे, अशी तरतूद आहे खरी. पण दहा वर्षं जुन्या स्कूटरच्या लिलावातून येऊन येऊन येणार किती? मे २०२५ पासून अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार सुरू झाले, ती सोय चांगली आहे. पण ते झालं दवाखान्याचं. घर चालवायचं काय? देशातल्या निम्म्याहून जास्त गाड्या विम्याविना फिरतात, असं संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये नोंदवलं आहे. म्हणजे हा कोपरा काही छोटा नाही.

आता दंड. विमा नसेल तर कलम १९६ प्रमाणे पहिल्यांदा २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा ४,०००. ही रक्कम सगळ्या गाड्यांना सारखीच. स्कूटरवाल्याचा प्रीमियम ८४३, म्हणजे दंड जवळजवळ अडीच पट. १,००० ते १,५०० सीसीच्या कारचा थर्ड पार्टी दर ३,४१६, जीएसटीसह ४,०३१, म्हणजे दंड निम्मा. १,५०० सीसीच्या वरच्या गाडीचा ७,८९७, जीएसटीसह ९,३१८, आणि दंड त्याच्या पाव भागाहून कमी! वर्षातून एकदाच पकडले जाऊ असा हिशोब करणाऱ्या मोठ्या गाडीवाल्याला विमा काढण्यापेक्षा पावती फाडणं स्वस्त पडतं. जितकी गाडी मोठी आणि जड, तितकं कायदा मोडणं परवडणारं. याला न्याय कसं म्हणायचं?

याचा उपाय कायद्यातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २१०अ आलं. राज्य सरकारला दंडाच्या रकमेला एक ते दहापर्यंतचा गुणक लावता येतो आणि वाहनांच्या प्रकारानुसार तो वेगवेगळा ठेवता येतो. ज्यांच्या खात्याने ही दुरुस्ती आणली ते मंत्री नितीन गडकरी आपल्याच नागपूरचे खासदार. केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये वाढीव दंड लागू केले, महाराष्ट्राने लोकांची नाराजी बघून डिसेंबर २०२१ पर्यंत हात आखडता घेतला. दंड वाढवायचा की नाही यावर दोन वर्षं काथ्याकूट झाला. कोणाचा वाढवायचा, यावर फारसं कोणी बोललंच नाही.

प्रीमियमचंही तेच. थर्ड पार्टीचा दर सीसीवर ठरतो आणि सगळ्या कंपन्यांकडे सारखा असतो, त्यामुळे "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त" म्हणणारा एजंट काहीतरी लपवतोय असं समजा. पण वीस वर्षांत एकही ठोकर न मारलेले रिटायर्ड मास्तर आणि वर्षाला तीन जणांना उडवणारा, दोघांना तेच ७१४. नो क्लेम बोनस आहे, २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो, पण तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. म्हणजे स्वतःच्या बंपरचा क्लेम घेतला नाही तर सवलत, दुसऱ्याचा पाय मोडला नाही त्याबद्दल काही नाही. सक्तीच्या विम्यात चालकाच्या रेकॉर्डला शून्य किंमत असणं ही माझ्या मते या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी खोट आहे. ई-चालानचा डेटा नंबरनिशी सरकारकडे पडलेला आहे, विम्याचा डेटा वाहन पोर्टलवर आहे. जोडायचं मनात आणलं तर अवघड नाही.

पॉलिसीच्या कागदातही अशा जागा आहेत की अर्ध्या नागपूरला त्या माहीत नाहीत. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, कलम १२९. पण नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर फुकट बसवलेल्या मागच्या माणसाची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने टिळक सिंह प्रकरणात २००६ मध्ये म्हटलं. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या पॅकेज पॉलिसीत तो धरला जातो. म्हणजे डोकं झाकायची सक्ती आहे, पण त्याच डोक्याचा विमा सक्तीच्या पॉलिसीत असेलच याची खात्री नाही. बायको, आई, पोरगी रोज मागे बसत असेल तर पॅकेज घ्या, नाहीतर पिलियनचं, म्हणजे मागे बसणाऱ्याचं वेगळं कव्हर जोडून घ्या.

दुसरी जागा म्हणजे मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. तो मिळायला तीन गोष्टी एकत्र लागतात: आरसीवर नाव त्याचंच, पॉलिसी त्याच्याच नावाची, आणि चालवताना वैध लायसन्स. आपल्याकडे गाडी बाबांच्या नावावर आणि चालवतो मुलगा. मुलगा एकटा घसरून पडला तर त्याला त्या १५ लाखांतलं काही नाही. तो थर्ड पार्टीही नाही, कारण मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी धरला जातो. कॉलेजात जाणारं पोरगं असेल तर गाडी सरळ त्याच्या नावावर घ्या, किंवा त्याचा स्वतंत्र अपघात विमा काढा.

पांढऱ्या प्लेटच्या गाडीवर पार्सल पोहोचवणाऱ्या पोरांनी पॉलिसीतला "वापराची मर्यादा" हा परिच्छेद वाचावा. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, आणि मालाची वाहतूक, खासगी पॉलिसीत वगळलेली असते. गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच अडकतो.

मुदतीचा घोळ तर घरोघरी आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम काढावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. लोक शोरूमचा कागद डिक्कीत टाकतात आणि "आपला पाच वर्षांचा आहे" म्हणून निवांत राहतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा वेळी थर्ड पार्टीचा काडीचा उपयोग नसतो, ओन डॅमेज चालू असावा लागतो. त्यातही बुडालेल्या गाडीला चुकूनही स्टार्टर मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि नुकसान तपासायला आलेला सर्वेअर लिहितो की इंजिन पुराने नाही, स्टार्ट केल्याने गेलं. इंजिन प्रोटेक्टचं जोड कव्हर नसेल तर तो खर्च तुमचा. फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, कंपनीला कळवा, टोइंगनेच न्या. मुदत संपल्यावर ९० दिवस मिळतात ते नो क्लेम बोनस टिकवायला. त्या ९० दिवसांत विमा चालू असतो हा निव्वळ गैरसमज आहे.

ई-चालानबद्दल राग आहे, आणि बराचसा खरा आहे. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७अ घातला गेला. कॅमेरा लावलेल्या पट्ट्याआधी ठळक इशाऱ्याची पाटी हवी, यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं, चालानची सूचना १५ दिवसांत जायला हवी. प्रत्यक्षात अनेकांना चालान कळतं ते गाडी विकताना, कारण आरसीवर जुना मोबाइल नंबर असतो. आधी परिवहन पोर्टलवर नंबर बदला. मग महाट्रॅफिक या राज्याच्या ई-चालान पोर्टलवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून चालानचा फोटो उघडा. रंग, मॉडेल, जागा आणि वेळ जुळत नसेल तर आरसी आणि स्वतःच्या गाडीचा फोटो जोडून तिथेच तक्रार टाका. लोकअदालतीची वाट बघत बसू नका. निव्वळ दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४. पण पोर्टलवरचं चालान त्यामुळे आपोआप पुसलं जात नाही, तो मुद्दा कोर्टापुढे मांडावा लागतो.

रस्त्याची जबाबदारी कोणाची, हेही कायद्यात लिहिलेलं आहे राजेहो. कलम १९८अ प्रमाणे सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर कंत्राटदार, सल्लागार किंवा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली. हेल्मेटच्या पावत्या चौकाचौकात फाटतात, १९८अ ची पावती फाटल्याचं कधी ऐकलंय? खड्ड्याने पडलात तर त्याच दिवशी फोटो, जागा आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवा, आणि पोलिसांच्या नोंदीत "स्वतःच्या चुकीने पडला" असं लिहू देऊ नका.

अपघाताच्या दाव्याला कलम १६६(३) मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही लावता येतो, त्यामुळे समृद्धी महामार्गावर दूर कुठे अपघात झाला तरी नागपुरात लावता येईल.

आणि जुनी गाडी विकली असेल तर आजच एमपरिवहनवर तिचा नंबर टाकून मालकाचं नाव बघा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या म्हणजे सुटलो, असं नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात ठरवलंय. गाडी चार हात फिरली, विमा कोणीच काढला नाही आणि नागपूरच्या एमएच ३१, ४९ किंवा ४० च्या नोंदीत अजून तुमचंच नाव असेल, तर ३४ लाखांची नोटीस तुमच्याच घरी येईल.