ऑइल बघू का?

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. पेनसिल्व्हेनियातून, रात्री साडेनऊला. "बाबा, मी पंपावर उभी आहे. नोझल टाकीत घातलंय, हँडल दाबतेय, पण काहीच येत नाहीये." म्हटलं, ग्रेडचं, म्हणजे कुठल्या प्रतीचं पेट्रोल हवं त्याचं, बटण दाबलंस का? "कुठलं बटण?" पोरगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तीन वर्षं गाडी चालवतेय. पण वाढली न्यू जर्सीत. गाडीत पेट्रोल भरताना तिने आयुष्यभर फक्त काचेतून बघितलंय. मी सोफ्यावर बसून एकेक पायरी सांगत होतो आणि बायको मागे हसत होती. (बायकोलाही येत नाही. मी सांगितलं म्हणू नका.)

भारतातल्या मित्रांसाठी: अमेरिकेत पेट्रोल आपलं आपण भरायचं असतं. उतरा, कार्ड सरकवा, नोझल उचला, भरा, चालू लागा. फक्त आमच्या न्यू जर्सीत हे बेकायदा आहे. १९४९ पासून. ओरेगन हे दुसरं राज्य होतं. त्यांनी १९५१ साली बंदी घातली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उठवली. आता पन्नास राज्यांत आम्ही एकटेच उरलो. 'जर्सी गर्ल्स डोन्ट पंप गॅस' असे स्टिकर गाड्यांवर लावून आम्ही ते मिरवतोही.

गॅस म्हणजे इथे पेट्रोल, बरं का. हा शब्द तोंडात इतका बसलाय की एकदा आईला फोनवर "थांब, जरा गॅस भरून घेतो" म्हटलं, तर सांगलीहून हळहळली, "तिकडे पण सिलिंडर स्वतःच आणायला लागतो होय रे?"

तर टेक्सासातला एक मित्र मुलीचा किस्सा ऐकून म्हणाला, "तुम्ही जर्सीवाले लाडावलेले आहात." असू. पण त्याला वाटतं तसे लाड आमचे होत नाहीत. लाड मी बघितलेत, म्हणून सांगतो.

आधी सांगलीचं. वडिलांची बजाज स्कूटर होती. पंपावर गेलो की सीट वर करायची, टाकीचं झाकण उघडायचं, आणि माझं काम एकच: झिरो बघायचा. तेव्हा मीटरला आकड्यांची फिरती चाकं असायची. सगळी शून्यावर आली की मी ओरडायचो, "झिरो!" मग पंपावरचा माणूस आधी मापाने टू-टी ऑइल ओतणार, त्यावर पेट्रोल. भरून झालं की वडील पाइप उंच धरायला लावायचे, आतले राहिलेले थेंब आपल्या टाकीत पडावेत म्हणून. मग स्कूटर दोन्ही बाजूंना गदागदा हलवून ऑइल मिसळून घ्यायचं. या सगळ्यात वडिलांची नजर मीटरवरून एकदाही हलायची नाही. पंपवाला मुद्दाम "साहेब, सुट्टे आहेत का?" विचारतो आणि तेवढ्यात काहीतरी करतो, अशी त्यांची पक्की खात्री. माझं सगळं पेट्रोलशास्त्र म्हणजे हा पहारा.

जानेवारी १९९९ मध्ये इकडे आलो आणि आठ वर्षं जुनी एक जपानी गाडी घेतली. पहिल्यांदा पंपावर गेलो तो सवयीने खाली उतरलो आणि मीटरसमोर जाऊन उभा राहिलो. तिथले म्हातारेबुवा मला हाताने 'आत बसा, आत बसा' करत होते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, अंगावर माझं सांगलीचं स्वेटर, आणि मी झिरो बघतोय.

तो पंप म्हणजे चार नळ, मागे दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज, आणि रस्त्यापासून आत येताना जमिनीवर आडवा टाकलेला एक काळा रबरी पाइप. त्यावरून चाक गेलं की गॅरेजात टिंग-टिंग घंटा वाजायची. मग म्हातारेबुवा हात पुसत बाहेर. मागच्या खिशात लाल फडकं. नोझल लावून अडकवून ठेवायचे आणि पेट्रोल जात असताना पुढची काच धुवायचे, रबराच्या पट्टीने वरून खाली, एकही ओघळ न ठेवता. मग खिडकीशी वाकून तोच प्रश्न: "ऑइल बघू का?"

बघायची त्यांची पद्धत डोळ्यांसमोर आहे. बॉनेट उघडायचं, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालायची अगदी शेवटपर्यंत, परत ओढायची. पहिलं बघणं खोटं असतं, दुसरं खरं, असं ते म्हणायचे. मग ती पट्टी फडक्यावर आडवी धरून माझ्या खिडकीपर्यंत आणून दाखवायचे, ज्वेलर हार दाखवतो तशी. दोन खुणा, मध्ये ऑइलचा काळपट ओलावा. माझी गाडी ऑइल प्यायची, त्यामुळे मी बऱ्याचदा खालच्या खुणेपाशी असायचो.

त्या नोव्हेंबरात त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. (इंजिन गार होतं. घरापासून पंप तीन मिनिटांवर.) एका काचेच्या नळीत थोडं पाणी ओढलं, नळीत रंगीत गोळ्या होत्या, त्यातली एकही वर आली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, यात काय घातलंयस? म्हटलं, पाणी. उन्हाळ्यात कमी झालं होतं, मी नळाचं घालत राहिलो. सांगलीत रेडिएटरमध्ये पाणीच घालतात, दुसरं काही घालतात हेच मला ठाऊक नव्हतं. म्हातारेबुवांनी विचारलं, "तुमच्या गावात बर्फ पडत नाही?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "तरीच." त्या आठवड्याअखेर पारा शून्याच्या खाली जाणार होता. पाणी गोठलं की फुगतं, आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो. त्यांनी गाडी आत घेतली, पाणी काढलं, अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव्य, निम्मं आणि पाणी निम्मं असं भरलं. पैसे घेतले फक्त अँटिफ्रीझच्या कॅनचे.

मी पेट्रोल भरायला गेलो होतो. रेडिएटरबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता.

मला आठवण येते ती याची. दुसऱ्याने नोझल धरावं याची मुळीच नाही, नोझल काय मीही धरतो. कुणीतरी न विचारता आपली गाडी बघायचं, ते गेलं.

हे अमेरिकेत कुठून आलं तेही मजेशीर आहे. १९१३ च्या डिसेंबरात गल्फ या तेल कंपनीने पिट्सबर्गमध्ये बॉम बुलेवार्डवर गाड्यांसाठी खास पंप काढला. गॅलनला २७ सेंट, आणि पहिल्या दिवशी विक्री ३० गॅलन. तिथे हवा आणि पाणी फुकट. पुढे रस्त्यांचे नकाशेही फुकट वाटायला लागले. तेव्हाची गाडी म्हणजे दुखणेकरीच. टायर बसायचे, रेडिएटर गळायचा, ऑइल उडायचं. प्रत्येक वेळी कुणीतरी नाडी बघायलाच हवी होती, आणि पेट्रोल सगळीकडे सारखंच असल्यामुळे गिऱ्हाईक टिकवायचं तर सेवेवरच. (आज त्याच देशात कित्येक पंपांवर टायरात हवा भरायलाही मशीनमध्ये पैसे टाकावे लागतात. आपल्याकडे पंपावर हवा फुकट असते, ही चैन आहे हे तिथे असताना कळलं नव्हतं.)

मग १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रँक युरिच नावाच्या माणसाने सेल्फ-सर्व्हिसचा मोठा पंप काढला. स्वतः भरा, पाच सेंट वाचवा. लोकांच्या उड्या पडल्या. आमच्या न्यू जर्सीतही असाच एक निघाला, हॅकेनसॅकला, रूट १७ वर. आयर्विंग रेनगोल्डचा, २४ नळांचा. आजूबाजूचे २१.९ सेंटला गॅलन विकायचे, हा १८.९ ला द्यायला लागला. गाड्यांच्या रांगा. बाकीचे पंपवाले चवताळले. कुणीतरी त्याच्या पंपावर गोळ्या झाडल्या, तर पठ्ठ्याने बुलेटप्रूफ काच बसवली. शेवटी ही मंडळी विधिमंडळात गेली आणि १९४९ चा कायदा आला. कायद्याच्या नावात 'सेफ्टी' आहे. आमची ही सगळी गोड परंपरा म्हणजे मुळात तीन सेंटांसाठी केलेली नाकेबंदी. त्यामुळे 'जुने दिवस किती चांगले होते' असं कुणी सुरू केलं की मी जरा सावरून बसतो.

सावरून बसायला अजून कारणं आहेत. त्याच हॅकेनसॅकमध्ये व्हिक्टर ग्रीन नावाचे एक कृष्णवर्णीय पोस्टमन टपाल वाटायचे. त्यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. कुठे जेवायला मिळेल, कुठे झोपायला मिळेल, कुठल्या पंपावर थांबलं तर चालेल. हसतमुख, टोपी घातलेला, काच पुसणारा माणूस जाहिरातीत सगळ्यांसाठी होता. प्रत्यक्षात त्याच्याकडची शौचालयाची किल्ली सगळ्यांना मिळत नव्हती. एस्सोच्या पंपांवर ही पुस्तिका मिळायची, हे त्या कंपनीबद्दल चांगलंच बोलायला हवं.

आणि लबाडीही होती. हायवेवरचे काही पंपवाले डिपस्टिक मुद्दाम अर्धवट आत घालायचे, म्हणजे ऑइल कमी दिसतं, मग एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ लिटरभर ऑइल, गळ्यात मारायचं. कुणी बॉनेटखाली डोकं घालून पट्ट्याला हळूच चाकू लावायचा. परराज्याची नंबरप्लेट दिसली की बकरा ठरलेला. माझ्या वडिलांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, बघ, सांगितलं नव्हतं?

तरी मी त्या म्हातारेबुवांना बॉनेट उघडू द्यायचो, आणि मी आत हीटर लावून बसायचो. कधीपासून झिरो बघायचं सोडलं ते आठवत नाही.

ते सगळं संपलं कशाने? १९७३ चं तेलसंकट हे ठरलेलं उत्तर आहे, आणि खरंही आहे. पेट्रोल महागलं तसं लोक सेंट मोजायला लागले. त्याआधी १९६४ मध्ये कोलोरॅडोत दुकानाच्या काउंटरवरून नळ चालू करायची सोय झाली होती, म्हणजे एका माणसात पंप भागायला लागला. पण आणखी एक कारण आहे, ज्यात कुणीच खलनायक नाही: गाड्या सुधारल्या. ऑइल पिईनात, गळेनात. इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं, दोन गाड्यांच्या गॅरेजातला मिस्तरी त्यात हात घालू शकेना. आणि गॅरेजपेक्षा त्याच जागेत कॉफी आणि सिगारेट विकण्यात जास्त सुटायला लागले. वर जमिनीखालच्या टाक्या बदलायची किंवा सुधारायची सरकारी मुदत डिसेंबर १९९८ ला संपली. गळकी टाकी म्हणजे विहिरींत पेट्रोल, त्यामुळे नियम योग्यच होता, पण कित्येक छोट्या पंपांनी त्या खर्चाला भिऊन शटर ओढलं. आमच्या म्हातारेबुवांनी टाक्या बदलल्या होत्या, कर्ज काढून. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते बँकेबद्दलच बोलायचे. २००६ मध्ये विकून टाकलं. आता तिथे पंपच आहे, पण गॅरेजच्या जागी काचेचं दुकान झालंय. तो काळा पाइप गेला.

आणि आजची आमची 'फुल सर्व्हिस'? एक पोरगा, आठ नळ. "रेग्युलर? कॅश ऑर क्रेडिट?" एवढंच. काच धुवायची बादली असते, बहुतेक वेळा कोरडी. मी त्याला दोष देत नाही. उणे दहात बारा तास उभा राहणाऱ्याने माझ्या रेडिएटरची काळजी का करावी? आमच्या इथला एकजण पंजाबचा आहे, त्याच्याशी हिंदीत बोलतो. म्हणाला, भाईसाब, काच पुसायला गेलो तर मागच्या तीन गाड्या हॉर्न वाजवतात. बरोबर आहे, त्यातला एक हॉर्न माझाही असतो. कायद्याने नोझलवरचा हात राखला. डोळा राखायचं कलम कुठल्याच कायद्यात घालता येत नाही.

तरी कायदा रद्द करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. २०२२ मध्ये पुन्हा विधेयक आलं होतं, तेव्हा रटगर्स विद्यापीठाच्या पाहणीत ७३ टक्के लोकांनी सांगितलं, आमचं पेट्रोल दुसऱ्यानेच भरावं. त्यातल्या बहुतेकांना थंडीत उतरायचं नसतं, मलाही नसतं, उगाच मोठी तत्त्वं सांगत नाही. पण माझी सासू सत्तरीपार आहे, गुडघे गेलेत, आणि ती इथे एकटी गाडी चालवत देवळात जाते. इतर राज्यांतही दिव्यांगांना मदत द्यावी असा कायदा आहे, पण पंपावर एकच माणूस ड्यूटीवर असेल तर त्याला सूट. आणि असतो तो एकच. तिथे ती हॉर्न वाजवत बसली असती.

असो. गेल्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली. मी तिला ड्राइव्हवेत उभं केलं आणि बॉनेट उघडायला लावलं. "बाबा, हे कशाला? काही झालं तर लाइट लागतो." म्हटलं, ओढ ती पट्टी. पुसायला फडकं नव्हतं, बर्गरच्या दुकानातले कागदी नॅपकिन निघाले. पुसली, आत घातली, शेवटपर्यंत घाल म्हटलं, परत ओढली. मी मोबाइलचा टॉर्च धरला होता. ओलावा खालच्या खुणेच्याही खाली होता, पार टोकाशी. एक क्वार्ट ओतलं, पुरलं नाही, अजून थोडं लागलं.

लाइट काही लागला नव्हता.