‘दलाल संपले, आता थेट डॉलर’ हे वाचून नोकरी सोडू नका

नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं : गेम विकायला आता सीडी नको, दुकान नको, कंपनी नको. 8,500 रुपये भरा, गेम स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात टाका, जगभरातली गिऱ्हाइकं आपोआप येतात. कमिशन कमी होत चाललंय, मधले दलाल संपलेत. ‘रोज 100 कॉप्या, 480 रुपये दर, महिन्याला 14 लाख 40 हजार. मग दुसऱ्याची चाकरी कशाला?’

माझ्या भाच्यानं हे मनावर घेतलंय. तो अंबडच्या एका कारखान्यात कॅडवर ड्रॉइंग करतो आणि रात्री जागून गेम बनवतो. ‘मावशी, नोटीस देऊन टाकू का?’ असं त्यानं विचारलं आणि माझा संयम संपला. मी याच क्षेत्रात कॉन्ट्रॅक्टवर कोडिंग करते. तेव्हा मुद्द्यांना मुद्द्यांनीच उत्तर देते.

आधी तो 14 लाखांचा हिशोब, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होणार आहे. भारतातल्या 480 रुपयांच्या किमतीत 18 टक्के जीएसटी धरलेला असतो. तो काढला की उरतात 407. त्यातले 30 टक्के स्टीमचे, म्हणजे हातात साधारण 285. अमेरिकेत झालेल्या विक्रीवर तिथला कर आधीच कापला जातो. भारत-अमेरिका कर कराराचा फॉर्म नीट भरला तर 15 टक्के, नाही भरला तर 30. लाँचची सवलत, बँकेचा विनिमय दर, इथला आयकर हे सगळं त्यानंतर. आणि रिफंड? विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांपेक्षा कमी असेल, तर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं. भाच्याच्या गेममध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढत जातो, पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, मग छातीला लागतं, आणि तेवढ्या वेळात भांडी बाजारातल्या दुकानदारानं माल माडीवर चढवायचा असतो. फार सुंदर केलाय. पण तो दीड तासात संपतो. म्हणजे पूर्ण खेळूनही पैसे परत घेता येतात. छोटा, आटोपशीर गेम करणाऱ्याला हा नियम सगळ्यात जास्त जाचतो. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

रोज 100 कॉप्या हा आकडा कुठून आला, तेही मेसेज लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही.

‘कमिशन कमी होत चाललंय.’ कुणासाठी? स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं नोव्हेंबर 2018 मध्ये स्वतः जाहीर केलेले दर वाचा. गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर 30 ऐवजी 25 टक्के, पाच कोटींच्या वर 20 टक्के. कारणही त्यांनीच दिलंय : मोठ्या गेममुळे प्लॅटफॉर्मवर माणसं येतात, म्हणून त्यांना सवलत. म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याचं कमिशन घटलं. एक कोटी डॉलर न कमावणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला-आम्हाला, तेच 30 टक्के. ही एक घोषणा वाचली असती तर हा मेसेज लिहिलाच गेला नसता.

इतर दुकानांनी दर उतरवले, हे मान्य करावं लागेल. एपिकनं 2018 मध्ये 12 टक्क्यांवर सुरुवात केली आणि जून 2025 पासून प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच घेत नाही. इच.आयओवर तर दुकानाला किती द्यायचं ते बनवणाराच ठरवतो. पण पीसीवरचं बहुतेक गिऱ्हाईक स्टीमवर बसलेलं आहे. न झालेल्या विक्रीवर शून्य टक्के कमिशन देऊन घर चालत नाही.

‘गिऱ्हाइकं आपोआप येतात.’ 2024 या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त गेम आले. रोजचे पन्नासेक. लासलगावला कांद्याची आवक एकदम वाढली की भावाचं काय होतं, हे नाशिककराला शिकवावं लागत नाही. 2017 पर्यंत स्टीमवर यायला ‘ग्रीनलाइट’मध्ये लोकांची मतं मिळवावी लागत. आता 100 डॉलर, म्हणजे मेसेजमधले ते साधारण 8,500 रुपये, भरले की दार उघडतं. दार सगळ्यांना उघडलं हे चांगलंच झालं, यात शंका नाही. पण आत गेल्यावर दर्शनी फळीवर कोण बसणार हे दुकानाचा अल्गोरिदम ठरवतो आणि तो बघतो विशलिस्ट (गेम पुढे घ्यायचा म्हणून किती जणांनी यादीत टाकून ठेवलाय), सुरुवातीची विक्री, रिव्ह्यू. त्या विशलिस्ट लाँचच्या आधी महिनोन्‌महिने खपून गोळा कराव्या लागतात. आणि ते 100 डॉलर परत मिळतात, पण गेमनं 1,000 डॉलर कमावल्यावरच.

‘दलाल संपले.’ याचा पुरावा म्हणून मेसेजमध्ये ‘बलाट्रो’ आणि पुण्याचा ‘राजी’ हे दोन गेम दिलेत. बलाट्रो एकट्या माणसानं बनवला, खरं आहे. पण 2024 मध्ये तो बाजारात आणला प्लेस्टॅक या प्रकाशक कंपनीनं. राजीसाठी किकस्टार्टर या साइटवर लोकांकडून पैसे गोळा करायचा प्रयत्न 2017 मध्ये फसला, फ्लॅट विकून पैसे उभे करावे लागले, प्रकाशक शोधावा लागला आणि गेम आला 2020 मध्ये. त्या लोकांची जिद्द मोठी आहे म्हणूनच सांगते, त्यांचं नाव ‘घरबसल्या डॉलर’च्या जाहिरातीला वापरू नका. दलाल गेलेले नाहीत. मी स्वतः एका छोट्या टीमचा करार वाचलाय. प्रकाशकानं जाहिरातीवर केलेला सगळा खर्च आधी वसूल करायचा आणि मग उरलं तर वाटणी. टीमच्या हातात वर्षभर काही पडलं नाही.

बाकीचं थोडक्यात. ‘मोबाइलवर तर अजून सोपं’ : गुगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं असेल तर आधी गेम तपासून बघणारे 12 टेस्टर सलग 14 दिवस लागतात. तिथं पहिल्या दहा लाख डॉलरवर कमिशन 15 टक्के आहे, एवढं खरं. ‘सरकारनं गेमवर बंदी आणलीय, लवकर करा’ : ऑगस्ट 2025 चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, भाच्याच्या गेमसारख्या गेमवर नाही.

भाच्याला माझं म्हणणं एवढंच : पगार चालू ठेव आणि स्टोअर पेज आत्ताच उघड. पैसे भरल्यापासून रिलीजपर्यंत 30 दिवस थांबावंच लागतं आणि ‘लवकरच येत आहे’ असं पान निदान दोन आठवडे दिसावं लागतं. पण तू दोन आठवड्यांवर थांबू नकोस, सहा महिने ठेव. डेमोत फक्त मारुतीच्या कमरेपर्यंतचं पाणी दाखव. नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-जत्रेत एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तेव्हा डेमो पक्का झाल्याशिवाय तिथं नाव घालू नकोस.